भोंग्याचं वीरमरण

४ जानेवारी

आदरणीय वहिनी,

सलाम विनंती विशेष. आपली ओळख नाही. मी व्यवसायाने दंतवैद्य आहे आणि दर शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत आपल्या यजमानांचा कॅप्टन असतो. आपल्या मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून ते ज्या लढाईला जात, तिच्यातली पहिली तुकडी माझ्या हाताखाली आहे. लढाई मोठी असते. दोन्हीकडे पन्नास-पन्नास माणसं, सगळी आपापल्या घरी खुर्चीवर बसलेली, तरी एकाच गावात एकमेकांवर गोळ्या झाडणारी.

आपणांस कळवण्यास अत्यंत दुःख होते, की गेल्या शनिवारी पुलापलीकडच्या गावात आपल्या यजमानांना कर्तव्य बजावताना वीरमरण आले. ते आमचे वायरलेसवाले होते. तुकडी त्यांना प्रेमाने 'भोंगा' म्हणत असे. रणगाड्याचा गोळा थेट आला, त्यामुळे त्रास झाला नसावा. हेडफोन काढून ते लगेच उठले असतील असा माझा अंदाज आहे.

खेळाच्या कायद्याप्रमाणे मेलेला माणूस अर्ध्या मिनिटात पुन्हा उभा राहतो. बाकीच्या तुकड्या तसंच करतात आणि म्हणून त्यांची माणसं मरायला जराही घाबरत नाहीत. आम्हाला हा पोरखेळ मान्य नाही. लढाई म्हणजे लढाई. आमच्याकडे मेला तो मेला. शत्रूचा झेंडा उतरून मोहीम संपेपर्यंत त्याने खेळायचं नाही, आणि तुकडीतलं कुणी रस्त्यात भेटलं तरी त्याच्याशी बोलायचं नाही. मेलेली माणसं बोलत नाहीत. हा नियम मी स्वतः केला आहे.

ही बातमी फोनवर देणं वास्तवाला धरून झालं नसतं, म्हणून टपालाने कळवत आहे. त्यांचं हेल्मेट, दुर्बीण आणि अर्धवट खणलेला खंदक आमच्याकडे सुखरूप आहे, पण ते खेळातच असल्यामुळे पाठवता येत नाही.

आपल्या दुःखात सहभागी,
कॅप्टन, पहिली तुकडी

ता. क. पत्र आमच्या सेन्सॉरने तपासलं आहे. तो माझा कंपाउंडर आहे.

११ जानेवारी

मा. कॅप्टनसाहेब,

तुमच्या सेन्सॉरने पाकिटावरचा दवाखान्याचा पत्ताही काळा केला होता. तो आमच्या इस्त्रीवाल्याकडून मिळवावा लागला, म्हणून उत्तराला उशीर. तुमच्या पत्राने काय केलं ते आधी ऐका.

पत्र आलं तेव्हा मी ऑफिसात होते आणि हे भाजीला गेले होते. घरी फक्त ह्यांच्या आत्या. त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या आहेत, एका डोळ्यावर पट्टी आहे. उरलेल्या डोळ्याने त्यांनी तुमच्या पत्राचा मधलाच परिच्छेद वाचला आणि हंबरडा फोडला. मजला गोळा झाला. मला ऑफिसात फोन आला. मी कशी घरी पोचले ते माझं मला ठाऊक नाही.

जिना चढले तर दार उघडं. खोलीत माणसंच माणसं, सगळ्यांच्या माना खाली. आणि मधोमध खुर्चीवर हे, मांडीवर कोबीची पिशवी. खालच्या मजल्यावरचे बँकवाले मला हळूच म्हणाले, "गृहस्थ आल्यापासून एक शब्द बोलले नाहीत, फार जवळचे असावेत." ह्यांना दारातून आत घेताना कुणी वर पाहिलंच नव्हतं. "बसा, फार वाईट झालं," म्हणून खुर्ची दिली आणि हे बसले.

मी त्या खुर्चीपाशी गेले, ह्यांच्या खांद्याला हात लावला आणि भर माणसांत रडले. माझा जीव भांड्यात पडला होता, पण लोकांना वाटलं मला धक्का बसलाय. आत्या म्हणाल्या, "अरे, जिवंत आहेस तर तोंडाने सांग की." हे बोलले नाहीत. तेव्हापासून बोललेले नाहीत. नियम तुकडीपुरता आहे, घरापुरता नाही, हे मी तुमच्या पत्रावर बोट ठेवून दाखवलं. ह्यांनी मान हलवली आणि कोबी चिरायला घेतला.

आता तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट सांगते. हे बस स्टँडवर घोषणा करायचे. त्या खोलीला खिडकी नव्हती, एक माईक होता आणि हे. मी लग्नाआधी त्या स्टँडवरून नोकरीला जायचे, त्यामुळे ह्यांचा चेहरा बघायच्या कितीतरी आधी मला ह्यांचा आवाज ठाऊक होता. आख्ख्या नोकरीत ह्यांनी गाडी रद्द झाल्याची घोषणा केली नाही. साहेब लोक ओरडायचे. हे म्हणायचे, "रद्द म्हटलं की म्हातारी माणसं उभ्या जागी खचतात. उशिराने येत आहे म्हटलं की डबा उघडून बसतात." मग हातापाया पडून कुठली तरी दुसरी गाडी मिळवायचे. मग मशीन आलं. मशीनमध्ये कुणा बाईंचा आवाज भरलेला आहे. ह्यांना निरोपाचा गुच्छ दिला आणि घरी पाठवलं. त्यानंतर ह्यांच्या तोंडून 'हं' याखेरीज शब्द निघत नव्हता. इस्त्रीवाल्याने तुमच्या तुकडीत नेलं आणि पहिल्याच शनिवारी बंद दारामागून मला ऐकू आलं, "कृपया लक्ष द्या." मी पोळपाटावर हात तसाच ठेवून ऐकत राहिले.

तेव्हा साहेब, ह्यांना परत घ्या. मी विमा कंपनीत मृत्यूच्या दाव्यांच्या टेबलावर आहे. मृतदेह कुणी पाहिला, कधी पाहिला, याचा पुरावा नसेल तर आम्ही कुणालाही मेलेलं मानत नाही. तुमच्याकडे पुरावा आहे का?

आपली,
भोंग्याची बायको

२० जानेवारी

आदरणीय वहिनी,

आत्याबाईंची क्षमा मागतो. यापुढे वीरमरणाची पत्रं ठळक अक्षरात छापण्याचं ठरवलं आहे.

मृतदेह मी स्वतः पाहिला. इस्त्रीवाला साक्षीदार आहे. त्यामुळे आपला मुद्दा टिकत नाही, याचं मला आपल्याइतकंच वाईट वाटतं. नियम एकाला एक आणि दुसऱ्याला वेगळा केला तर मग आमच्यात आणि बाकीच्या तुकड्यांत फरक काय राहिला? माझा सख्खा मेहुणा गेल्या वर्षी गव्हाच्या शेतात पडला. परवा एका लग्नात आम्हाला एकाच टेबलावर बसवलं. त्याला मीठ हवं होतं आणि मीठ माझ्यापुढे होतं. मी ते बायकोला दिलं, बायकोने त्याला दिलं. त्याला दम्याचा त्रास वाढला आहे का हे विचारायचं माझ्या फार मनात होतं. नाही विचारलं. घरी परतताना बायको म्हणाली, तुम्हाला दोघांनाही एका मोठ्या चपलेने मारायला हवं. तिला लष्करी बाबींची माहिती नाही.

भोंग्यानंतर तुकडीची दुर्दशा झाली आहे. वायरलेस आता गणिताच्या बाईंकडे दिला आहे. शत्रू दिसला की त्या आधी कोन मोजतात, मग अंतर काढतात, मग उत्तर ताडून पाहतात. उत्तर नेहमी बरोबर येतं, पण तोवर शत्रू आमच्यात येऊन पोचलेला असतो. गेल्या दोन शनिवारी आमची अकरा माणसं गेली. चार जणांना आम्हीच मारलं, कारण कोण कुठे आहे हे सांगणारं कुणी नव्हतं.

आणखी एक वाईट बातमी. खेळ चालवणारी कंपनी मार्चच्या पहिल्या शनिवारनंतर हे रणांगणच बंद करणार आहे. पुढे नवी भूमी, नवी मोहीम. सिमेंट कारखान्यावरचा शत्रूचा झेंडा त्याआधी उतरला तर सगळे मृत सन्मानाने मोकळे होतील. नाही उतरला तर ही मोहीम कधीच संपणार नाही, आणि आपले यजमान कायमचे गेले असं समजावं लागेल.

मरणोत्तर शौर्यपदक सोबत पाठवत आहे. दाताचे साचे घेतो त्याच प्लास्टरचं आहे. पाण्यापासून जपावं.

आपला,
कॅप्टन

३० जानेवारी

डॉक्टर,

पदक मिळालं. ह्यांनी ते आरशाशेजारी खिळ्याला टांगलं आणि आंघोळीच्या वेळी वाफ लागू नये म्हणून काढून ठेवतात. कॅप्टनसाहेब म्हणायचं मी आजपासून बंद केलं आहे. का, ते सांगते.

इस्त्रीवाला काल कपडे घेऊन आला. ह्यांनीच दार उघडलं. त्याने टोपी काढली, मान खाली घातली आणि ह्यांच्या अंगावरून आत येऊन मला म्हणाला, "वहिनी, साहेबांचा निळा शर्ट फार आवडता होता, नीट घडी घातलीय." साहेब दीड हातावर उभे. मी म्हटलं, मग त्यांच्याच हातात द्या की. तर त्याचे डोळे भरून आले. मी दाराशी स्टूल टाकून बसले आणि सांगितलं, काय झालं ते सगळं कळल्याशिवाय आज तुमची इस्त्री तापत नाही.

तेव्हा त्याने सांगितलं. त्या संध्याकाळी लढाई सुरू होताना तुम्ही ह्यांना हुकूम दिला होतात, की आज एक शब्दही बोलायचा नाही. खऱ्या लढाईत कुणी असं बोलत नाही म्हणालात. हे मनोऱ्यावर होते. तुमच्या पाठीमागून रणगाडा येताना ह्यांनी पाहिला. माईक तोंडाशी होता, पण हुकूम होता. मग हे शिडी उतरले, उघड्या चौकातून पळत आले आणि तुमच्या खांद्यावर टिचकी मारली. तुम्ही खड्ड्यात पडलात. गोळा ह्यांना लागला.

डॉक्टर, ह्यांना एकदा मशीनने गप्प केलं, ते मी सोसलं, कारण मशीनला कसं काय बोलणार. तुम्ही तर माणूस आहात. ज्यानं तुमचा जीव वाचवला त्याच्या बायकोला तुम्ही 'कर्तव्य बजावताना' असं लिहून पाठवता? मला तुमचा भयंकर राग आला आहे.

आमच्या डॉक्टरांनी ह्यांचा घसा तपासला. घशात काही नाही. ते म्हणाले, बोलायला काही कारण असेल तर बोलतील. माझ्याकडे एकच कारण आहे आणि ते तुमच्या झेंड्याखाली अडकलं आहे. तेव्हा मला भरती करून घ्या. मी आजवर कॉम्प्युटरवर पत्ते सोडून काही खेळलेले नाही. चष्मा आहे. शनिवारी अर्धा दिवस असतो.

भोंग्याची बायको

८ फेब्रुवारी

आदरणीय वहिनी,

आपलं पत्र दवाखान्यात उघडलं. खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसला होता. वाचून होईपर्यंत त्याला मिटायला सांगायचं राहूनच गेलं.

हुकूम माझाच होता. भोंगा वायरलेसवर काय म्हणत असे ते आपल्याला माहीत आहे. "कुंपणामागून येणाऱ्या दोन इसमांची नोंद घ्यावी." "नदीकडे जाणाऱ्या जवानांनी दारूगोळा विसरू नये." मला लढाईत असल्यासारखं वाटेना, मामाच्या गावाला निघाल्यासारखं वाटे. मी किती खपून तुकडी खरी केली आहे. आम्ही धावलो की थांबून दम खातो, दारूगोळ्याचा ट्रक आल्याशिवाय गोळी झाडत नाही, जखमीला उचलून नेताना दोघेही वाकून चालतो. त्यात हा आवाज. म्हणून तोंड बंद ठेवायला सांगितलं. त्याचं सांगणं कधी चुकलं नव्हतं, हे मात्र माझ्या ध्यानातच आलं नाही. त्या टिचकीनंतर मला झोप नीट लागत नाही. आपण रागावलात ते योग्यच आहे.

तरी नियम मोडता येत नाही. आपली भरती मात्र मंजूर. पद: वायरलेस. गणिताच्या बाई आनंदाने तोफेवर परत गेल्या आहेत. एकच अट आहे. मृत व्यक्तीने आपल्याला शिकवायचं नाही, खुणा करायच्या नाहीत आणि माऊसला हात लावायचा नाही.

माझी बायको आपलं पत्र वाचून म्हणाली, ही बाई मला आवडली.

आपला,
कॅप्टन

२३ फेब्रुवारी

डॉक्टर,

दोन शनिवार झाले. अहवाल पाठवते.

पहिल्या शनिवारी मी दारूगोळ्याचा ट्रक नदीत घातला. पूल डावीकडे आहे हे मला ठाऊक होतं, पण मी बघत होते डावीकडे आणि ट्रक चालला होता सरळ. दुसऱ्या शनिवारी मला मनोऱ्यावर जायचं होतं, तर मी अर्धा तास एका गोठ्यातून बाहेरच पडू शकले नाही. इस्त्रीवाला दाराबाहेर उभा राहून मला हाका मारत होता आणि मी भिंतीकडे तोंड करून चालत होते. तुम्ही एकदाही ओरडला नाहीत, हे मी लक्षात ठेवलं आहे.

हे सगळं चालू असताना हे माझ्या खुर्चीमागे उभे असतात. मागची खोली लहान आहे. कॉम्प्युटर माझ्या जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर आहे, शेजारी कपाट, कपाटाला टेकून हे. हाताची घडी, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे. ट्रक नदीकडे वळला तेव्हा ह्यांनी खुर्चीची पाठ अशी दाबली की मी मागे कलंडले. पण शब्द नाही. तुमची अट ह्यांनी माझ्यापेक्षा नीट वाचली आहे. मी मुद्दाम चुका करते का, असं इस्त्रीवाल्याने विचारलं. नाही हो, माझ्या सगळ्या चुका मनापासून होतात.

बुधवारी हे दुपारभर घरी नव्हते. संध्याकाळी ऑफिसातून येताना मी स्टँडवर डोकावले, तर हे बाकावर बसून मशीनची घोषणा ऐकत होते. तुमच्याकडे जाणारीच गाडी होती. मशीनमधल्या बाई म्हणाल्या, "रद्द करण्यात आली आहे." अगदी गोड आवाजात. समोर एक आजोबा दोन्ही हातांत सामान घेऊन उभे होते. ते तसेच उभे राहिले. हे उठले, त्यांच्याजवळ गेले, तोंड उघडलं. मी खांबामागे श्वास धरून उभी. काहीच आलं नाही. ह्यांनी आजोबांचं सामान उचलून बाकावर ठेवलं आणि घरी आले. मी पाच मिनिटं मागे राहून आले, मी पाहिलं हे ह्यांना कळू नये म्हणून.

डॉक्टर, येता शनिवार शेवटचा. मला झेंड्याबिंड्याशी काही देणंघेणं नाही. मला हे असे उरलेलं आयुष्य मुके नको आहेत. मी मनोऱ्यावर पोचेन. गोठ्याला वळसा घालून जायचं हे मी कागदावर काढून पाठ केलं आहे.

वायरलेस,
पहिली तुकडी

२ मार्च, शनिवार, रात्रीचे नऊ

वहिनी,

हे माझं अखेरचं पत्र. उद्या सकाळी दहा वाजता नव्या रणांगणावर मला गोळ्या घालणार आहेत. दहा ही वेळ सगळ्यांना सोयीची पडते. शिक्षा झालेल्याला एक पत्र लिहायची मुभा असते, म्हणून लिहितो.

आपण मनोऱ्यावर होतात, तरी खाली काय दिसत होतं ते आपल्याला ठाऊक नसणार. कारखान्याभोवती धुकं होतं. आम्ही मोजके जण उरलो होतो. झेंडा समोर दिसत होता आणि मी हात वर करून पुढे चला म्हणणार, तेवढ्यात वायरलेसवर आपला आवाज आला, "तिकडे, तिकडे बघा." वहिनी, आम्ही चहूकडे पाहिलं. तुकडी गोल फिरली. गणिताच्या बाईंनी विचारलं, तिकडे म्हणजे किती अंशात. आपण म्हणालात, "अहो, त्या ह्याच्या मागे." आणि मग आपल्या माईकमधून तो आवाज आला.

"कृपया लक्ष द्या. कॅप्टनसाहेबांच्या मागे, डाव्या भिंतीलगत रणगाडा येत आहे. कॅप्टनसाहेबांनी कृपया उजवीकडच्या खड्ड्यात उतरावे. तोफेवरील बाईंनी चिमणीच्या बुंध्याकडे नेम धरावा. घाई करू नये, सर्वांना जागा आहे."

मी खड्ड्यात उतरलो. बाईंनी यावेळी कोन मोजलाच नाही, तोफ डागली. रणगाडा जागच्या जागी बसला. आवाज थांबेना. कोण कुठे आहे, कुणी कुठून जावं, कुणाच्या बुटाजवळ सुरुंग आहे, सगळं एकापाठोपाठ एक, संथ, स्पष्ट. या खेळात जवळच्या शत्रूलाही आपला आवाज ऐकू जातो. "झेंड्याखालील इसमांनी कृपया पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहावे," असं ऐकल्यावर त्यांच्यातले तिघे खरोखर मागे सरले आणि रेष शोधू लागले. तेवढ्या वेळात इस्त्रीवाल्याने झेंडा उतरवला. माझ्या कानात कुणीतरी हुंदके देत होतं. नंतर कळलं, तो मीच होतो.

मग गणिताच्या बाई म्हणाल्या, मेलेल्या माणसाच्या सांगण्यावरून मिळवलेला विजय नियमात बसत नाही. बाईंचं बरोबर होतं. विजय बाद तर मोहीम बाद, आणि सगळे मेलेले कायमचे मेलेले. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणजे बघत असावेत.

तेव्हा मी उभं राहून सांगितलं. आपण पहिल्याच पत्रात विचारलं होतंत, मृतदेह कुणी पाहिला. मी पाहिला असं मी लिहिलं, ते खोटं होतं. मी खड्ड्यात तोंड खुपसून पडलो होतो, मागे वळून बघायची माझी हिंमतच झाली नाही. इस्त्रीवाल्यालाही धूर तेवढा दिसला, बाकीचं त्याने माझ्या तोंडून ऐकलं. कुणीही पाहिलेलं नाही. मेलेली माणसं बोलत नाहीत हा माझा नियम, आणि भोंगा बोलला, म्हणजे भोंगा मेलाच नव्हता. त्याचा शब्द ग्राह्य, विजय ग्राह्य, मोहीम संपली, मेहुण्यासकट सगळे मोकळे.

पण जिवंत जवानाला मृत ठरवणाऱ्या कॅप्टनला काय शिक्षा, हेही मीच लिहून ठेवलेलं आहे. मोहीम संपल्यावरचं मरण पुढच्या मोहिमेत धरतात, हेही मीच लिहिलेलं. नवी मोहीम दोन-तीन वर्षं चालेल असं म्हणतात. उद्या दहानंतर मी आपल्यापैकी कुणाशीही बोलू शकणार नाही.

त्याला माझा सलाम सांगा. आज पहिल्यांदा मला खऱ्या लढाईत असल्यासारखं वाटलं.

आपला,
दंतवैद्य

१० मार्च

प्रिय ताई,

आपली ओळख नाही, पण तुम्हाला मी आवडले होते असं कळलं, म्हणून थेट ताई म्हणते.

तुम्हाला कळवण्यास अत्यंत दुःख होते, की तुमच्या यजमानांना रविवारी सकाळी दहा वाजून गेल्यावर वीरमरण आले. दहाच ठरले होते, पण इस्त्रीवाल्याचा नेम लागेना. त्याचे डोळे सारखे भरून येत होते. शेवटी भाऊजी स्वतःच त्याला "जरा डावीकडे, अजून थोडं, आता श्वास धर" असं सांगत होते. शूर माणूस. त्यांचं सामान आमच्याकडे सुखरूप आहे.

ते हल्ली घरी कुणाशी बोलत नसतील. घाबरू नका, मी त्यातून गेले आहे. पत्र एका डोळ्याने वाचणाऱ्या कुणा वडीलधाऱ्या माणसाच्या हाती पडू देऊ नका.

शनिवारी आमच्या मागच्या खोलीत काय झालं ते फक्त मलाच ठाऊक आहे, म्हणून सांगते. मी "त्या ह्याच्या मागे" म्हणाले आणि मला पुढचं काही सुचेना. तुमच्या यजमानांचं एवढंसं हेल्मेट धुक्यात दिसत होतं आणि त्याच्या मागून ते धूड येत होतं. मी माईक सोडून मागे वळले आणि ह्यांना म्हटलं, "अहो, ह्या वेळी शिडी उतरायला वेळ नाही." एवढंच म्हटलं. हे माझ्या खांद्यावरून वाकले. ह्यांनी एक हात टेबलावर ठेवला, दुसऱ्याने माईक धरला, अगदी त्या खिडकी नसलेल्या खोलीत धरायचे तसा. ताई, मी त्यानंतर पडद्याकडे पाहिलंच नाही. लढाई कुणी जिंकली ते मला इस्त्रीवाल्याने सांगितलं.

आता घरात शांतता म्हणून उरलेली नाही. सकाळी चहा तयार होत असल्याची घोषणा होते. आत्यांच्या डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली की आख्ख्या मजल्याला कळतं. बँकवाले परवा विचारायला आले होते, की त्यांच्या मोरीतल्या गळतीबद्दल काही सांगता येईल का.

तुकडीने ह्यांना कॅप्टन केलं आहे. ह्यांचा पहिला हुकूम असा, की यापुढे कुणालाही गप्प बसण्याचा हुकूम द्यायचा नाही. गणिताच्या बाईंनी विचारलं, मग मेलेल्यांचं काय, नियम तर आहे. ह्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, झालं, परत गुळणी धरली.

पण काल मी तुम्हाला हे पत्र लिहायला बसले तेव्हा हे शेजारी येऊन उभे राहिले. पहिला परिच्छेद वाचला. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'वीरमरण' हा शब्द खोडायला लागले. मी म्हटलं, अहो, भाऊजींचा नियम आहे, त्यांना राग येईल. कोऱ्या कागदावर परत लिहावं लागेल. ह्यांनी घसा साफ केला.

"डॉक्टरांची गाडी रद्द झालेली नाही," हे म्हणाले. "उशिराने येत आहे. तसं लिही. सगळ्यांचं तसंच लिही."

मी तसं लिहिलेलं नाही. शब्द आहे तसाच ठेवला, कारण भाऊजींना त्यांचं वीरमरण नीट मिळालेलं आवडेल. पण ह्यांनी सांगितलं ते तुम्हाला कळवलं आहे. प्लास्टरचं पदक परत पाठवत आहे, आता त्यांच्याकडे असू दे. शनिवारी सहा वाजता त्यांना खुर्चीवर बसवा आणि हेडफोन कानापासून थोडा लांब धरायला सांगा. ह्यांचा आवाज मोठा आहे.

तुमची,
वायरलेस